दंतमूलरोगांत रंगद्रव्य व प्रकाश : हळदीकडून किती अपेक्षा ठेवावी?

‘पायोरियावर हळद आणि प्रकाश यांचा नवा उपचार निघाला आहे म्हणे, तो आपल्याकडे होतो का?’ अशी विचारणा आमच्याकडे रुग्ण करू लागले आहेत. हळदीचे नाव आले की आपणां वैद्यांस आनंद होणे स्वाभाविक आहे. तथापि उत्तर देण्यापूर्वी या उपचाराचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

सुश्रुताचार्यांनी दंतमूलगत १५ व्याधी वर्णिले आहेत. त्यांपैकी दंतवेष्टात पूय व रक्ताचा स्राव होऊन दात हलू लागतात, तर उपकुशात दाह व पाक होतो. आधुनिकांच्या पेरिओडाँटायटिसशी यांचे लक्षणसाम्य उघड आहे. हिरडी व दात यांमधील फट खोल होत जाते, तीत जीवाणूंचा चिवट थर साचतो आणि त्या थरात प्रतिजैविके सहजी शिरत नाहीत.

१९०० साली म्युनिक येथे प्रा. टॅपायनर यांचे विद्यार्थी ऑस्कर राब यांना असे आढळले की, अ‍ॅक्रिडीन रंगाच्या द्रावणातील पॅरामेशियम हे सूक्ष्मजीव उजेडात लवकर मरतात, अंधारात तसे होत नाही. या क्रियेस रंगद्रव्य, प्रकाश व प्राणवायू ही तिन्ही लागतात. रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते व ती ऊर्जा प्राणवायूस देते. त्यातून निर्माण होणारा उत्तेजित प्राणवायू क्षणार्धात नाहीसा होतो व अत्यल्प अंतरच जातो. म्हणून रंगद्रव्य जीवाणूस चिकटलेले असावे लागते. मिथिलीन ब्लू व टोल्युइडीन ब्लू धनभारित असल्याने ऋणभारित जीवाणूंस सहज चिकटतात. त्यांस लाल प्रकाश चालतो.

हळदीतील कुर्कुमिनास मात्र निळा प्रकाश लागतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून संशोधनात ते विशिष्ट द्रावणाच्या वा जेलच्या रूपात वापरले जाते. हळदीच्या पाण्याने गुळण्या करून तोंडात बॅटरीचा उजेड पाडणे म्हणजे हा उपचार नव्हे. श्वित्रात बाकुची व सूर्यप्रकाश यांचा योग आपल्या परिचयाचा आहे. परंतु तेथील सोरालेन मुख्यतः पेशीच्या डीएनएशी जोडले जाऊन कार्य करते, शिवाय त्वचा भाजण्याचा धोकाही असतो. तेव्हा बाकुची हिरड्यांस लावण्याचा प्रयोग कोणी करू नये.

परिणामाविषयीही संयम हवा. दातांवरील किटण खरवडून काढल्यानंतर पूरक म्हणून हा उपचार दिला असता काही अभ्यासांत फटीची खोली व रक्तस्राव थोडा अधिक कमी झाला, तर काहींत विशेष फरक दिसला नाही. किटण न काढता केवळ रंग व प्रकाश देणे हे मलशोधनावाचून शमन करण्यासारखे होय.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती की, ‘प्रकाशासह हळद जेल’ म्हणून कोणी माल देऊ केल्यास त्यातील कुर्कुमिनाचे प्रमाण व प्रकाशाची तरंगलांबी अवश्य विचारावी, आणि उत्तर न मिळाल्यास माल परत करावा. वैद्यांनी प्रतिसारण, गंडूष अवश्य योजावेत. मात्र दात हलत असल्यास वा पू येत असल्यास रुग्णास विनाविलंब दंतवैद्याकडे पाठवावे. हळदीचा मान राखायचा, तर तिच्या नावावर खोटी आशा विकली जाऊ नये, असे आम्हांस वाटते.