फुकट डेटाबेसमध्ये काय मिळतं, काय मिळत नाही

मागच्या व्याख्यानात आपण टेबल आणि इंडेक्स पाहिले. त्यानंतर अनेकांनी एकच प्रश्न विचारला: फुकट मिळणाऱ्या डेटाबेसवर दुकानाचा, दवाखान्याचा खरा डेटा ठेवावा का? आमचं उत्तर आहे, बेलाशक ठेवावा. फक्त त्यात काय नाही, हे आधी माहीत हवं.

उदाहरण म्हणून मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस घेऊ. ट्रान्झॅक्शन, स्टोअर्ड प्रोसिजर, ट्रिगर, बॅकअप आणि रिस्टोअर हे सगळं त्यात आहे. पूर्वी महागड्या एडिशनमध्येच असलेलं डेटा कॉम्प्रेशनसुद्धा २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून इथे मिळतं. मॅनेजमेंट स्टुडिओ हे साधन वेगळं डाउनलोड करावं लागतं, पण तेही फुकट.

आता मर्यादा. २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबी, २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबी. डेटाची पानं मेमरीत ठेवायला १,४१० एमबी. आणि प्रोसेसर एक सॉकेट किंवा चार कोअर, यांत जे कमी असेल ते. ही १० जीबी डेटा फाइलची आहे बरं का, लॉग फाइल त्यात धरत नाहीत.

१० जीबी म्हणजे किती? समजा, औषधाचं दुकान आहे. रोज २०० बिलं, प्रत्येकात पाच ओळी, म्हणजे १,००० ओळी. इंडेक्ससकट एका ओळीला १ केबी धरला, तर दिवसाला १ एमबी, वर्षाला साडेतीनशे एमबीच्या आसपास. दहा वर्षांतही साडेतीन जीबी! पण त्याच दुकानदाराने डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो डेटाबेसमध्ये घातले, रोज ४०, प्रत्येकी ५०० केबी, तर दिवसाला २० एमबी होतात. वर्षाला सात जीबीच्या वर. दीड वर्षाच्या आत जागा संपली. म्हणून फोटो फोल्डरमध्ये ठेवायचे आणि डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता.

जागा संपली की काय होतं? जुना डेटा वाचता येतो, नवी नोंद मात्र जात नाही, स्क्रीनवर एरर येते. त्रास होतो, पण कळतं तरी. खरा धोका न कळणाऱ्या गोष्टीचा आहे.

ती गोष्ट म्हणजे एसक्यूएल सर्व्हर एजंट. ठरलेल्या वेळी आपोआप काम करणारा हा नोकर एक्सप्रेसमध्ये नाही. बॅकअप घेण्याची सोय आहे, पण रोज रात्री तो घेणारं कोणी नाही! कुठे एरर नाही, सूचना नाही. डिस्क बंद पडते त्या दिवशी कळतं, की शेवटचा बॅकअप इन्स्टॉल केलं तेव्हाचाच. त्यात एक्सप्रेसमध्ये नवा डेटाबेस सहसा सिंपल रिकव्हरी मॉडेलमध्ये तयार होतो. म्हणजे लॉगचा बॅकअप घेता येत नाही, आणि शेवटच्या बॅकअपनंतरचं सगळं गेलं असं समजायचं.

उपाय सोपा आहे. बॅकअपची आज्ञा एका फाइलमध्ये लिहायची, एसक्यूएलसीएमडी या साधनाने ती चालवायची आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरला वेळ लावून द्यायची. वेळ नीट निवडा. रात्री दोनला दुकानातला कॉम्प्युटर बंद असतो, मग बॅकअप कोण घेणार? दुपारची वेळ बरी. आणि बॅकअपची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या जागी. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावलं, तर तिचा उपयोग काय?

मग दुसरा डेटाबेस घ्यावा का? ओरॅकलच्या २१सी एक्सप्रेस एडिशनला १२ जीबी डेटा आणि २ जीबी मेमरीची मर्यादा आहे. पोस्टग्रेसमध्ये अशी एडिशनची मर्यादाच नाही, ते पूर्ण मुक्त आहे. पण तिथेही पीजी-डंप रोज चालवण्याची व्यवस्था आपल्यालाच करावी लागते. एसक्यूएल सर्व्हरचं डेव्हलपर एडिशनही फुकट आहे आणि त्यात एजंटसुद्धा आहे. पण ते शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी. त्यावर रोजचा धंदा चालवायला परवाना नाही.

आजचा गृहपाठ. मॅनेजमेंट स्टुडिओत आपल्या डेटाबेसवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. पहिल्याच पानावर शेवटच्या बॅकअपची तारीख असते. ती कालची असेल, तर तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा, कारण रिस्टोअर होईपर्यंत बॅकअपवर विश्वास ठेवायचा नसतो. आणि तिथे तारीखच नसेल, तर हे व्याख्यान इथेच थांबवा आणि आधी बॅकअप घ्या. आम्हाला राग येणार नाही.