रिकाम्या कारखान्यांचं संगीत

न्यू यॉर्क : हे शहर समजून घ्यायचं तर आधी इथलं भाडं समजून घ्यावं. कोण कुठे राहतो, काय खातो, हे त्यावर ठरतंच. पण कुठलं संगीत जन्माला येणार, हेसुद्धा ठरतं. 'इलबिएंट' या संगीतप्रकाराचंच बघा.

१९९०च्या आसपास ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्ग भागात नदीकाठचे कित्येक कारखाने ओस पडले होते. मॅनहॅटन न परवडणारे कलाकार तिथे शिरले. १९९३ साली तर मोहरीच्या एका जुन्या कारखान्यात रात्रभर 'ऑर्गॅनिझम' नावाचा सोहळा रंगला. या वातावरणातल्या संगीताला 'इलबिएंट' हे नाव दिलं डीजे ऑलिव्हने. दूरवर पोचवलं ते डीजे स्पूकी म्हणजे पॉल मिलरने, १९९६च्या 'साँग्ज ऑफ अ डेड ड्रीमर' या अल्बममधून.

ब्रायन ईनोने १९७८मध्ये विमानतळासाठी जे अँबियंट संगीत रचलं, ते प्रवाशांची धाकधूक कमी करणारं होतं. इलबिएंटवाल्यांनी त्याची संथ लय उचलली, शांतता मात्र नाकारली. त्यांना शहराची घरघर हवी होती. आणि तिच्याखाली जमैकाचं डब संगीत. किंग्स्टनमध्ये किंग टबीसारखे तंत्रज्ञ तयार गाण्यातून गायकाला जवळजवळ हद्दपार करत, ड्रम आणि बेस तेवढे ठेवत आणि मधूनच एखादा सूर प्रतिध्वनीत सोडून देत. मिक्सरच इथे वाद्य! ही विद्या जमैकन लोकांबरोबर इथे आली. १९६५च्या ज्या कायद्याने आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांना अमेरिकेचं दार उघडलं, त्यानंतरच कॅरिबियन माणसंही मोठ्या संख्येने ब्रुकलिनमध्ये स्थिरावली.

खरं सांगायचं तर घरी हेडफोनवर यातले निम्मे अल्बम कंटाळा आणतात. या संगीताला उंच छत आणि छातीत घुमणारा बेस लागतो. खोली लहान झाली की ते नुसतं रेंगाळतं.

अशा जागांवर कायद्याचंही सावट होतं. स्वातंत्र्याच्या या देशात नाचायलाही परवाना लागे, यावर आपल्याकडे कुणाचा विश्वास बसायचा नाही. न्यू यॉर्कच्या १९२६च्या कॅबरे कायद्यानुसार परवाना नसलेल्या बारमध्ये नाच बेकायदा होता आणि महापौर जुलियानींनी नव्वदच्या दशकात तो कडकपणे राबवला. (इलबिएंटवर नाचणं तसंही कठीणच.) पण त्या जुन्या कारखान्यांना खरा धक्का बसला तो घरबांधणीचा. २००५मध्ये पालिकेने विल्यम्सबर्गच्या किनाऱ्याचे बांधकाम नियम बदलले आणि तिथे टॉवर उभे राहू लागले. कॅबरे कायदा २०१७मध्ये रद्द झाला.