पाटणहून जपानच्या वर्गात

जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळी दहाला ठरलेली ऑनलाइन मुलाखत म्हणजे पाटणला सकाळचे साडेसहा. पावसाळ्यात त्या वेळी मोरणा खोऱ्यात किंवा ढेबेवाडीच्या बाजूला विजेचा आणि नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. म्हणून जपानमध्ये इंग्रजी शिकवायला जाऊ पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींना पहिला सल्ला अगदी साधा आहे: आदल्या संध्याकाळीच कऱ्हाडला कुणा नातेवाइकाकडे मुक्कामाला जा आणि मुलाखतीच्या वेळेआधी दहा मिनिटं स्क्रीनसमोर तयार बसा.

पाटण तालुक्याला पोटासाठी गाव सोडणं नवं नाही. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि मुंबईच्या बाजारपेठांत ओझी उचलणाऱ्या कित्येकांची घरंही याच डोंगरांत. त्यांची नातवंडं आज बी.ए., बी.एड. होऊन टीईटी आणि पवित्र पोर्टलच्या फेऱ्यांत अडकली आहेत. इंग्रजी विषय घेतलेल्यांना जपानचं नाव कुठून तरी कळतं. नोकरीचे मार्ग तिथे खरोखर आहेत, पण दाराशी एक अट उभी आहे आणि ती बहुतेकांना फार उशिरा समजते.

अट बारा वर्षांची आहे. शाळांत भाषा शिकवणाऱ्या परदेशी माणसाला जपान ‘प्रशिक्षक’ या प्रकारचा राहण्याचा परवाना देतो. त्याच्या नियमात पदवी तर लागतेच, शिवाय जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, त्यामुळे त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुलं म्हणतात, ‘आम्ही बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकलोय.’ ते खरं आहे, पण ती एका विषयाची बारा वर्षं झाली. नियमाला इतिहास, भूगोल, विज्ञान हे सगळं इंग्रजीतून झालेलं हवं असतं. सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून झालं म्हणून एवढ्यावर अट पुरी झाली असं धरून चालू नका. ज्यांचं शिक्षण पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात झालंय, त्यांनी शाळेकडून आणि कॉलेजकडून माध्यमाचा दाखला सही-शिक्क्यानिशी आधीच घेऊन ठेवावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यम लिहिलेलं असेलच असं नाही.

खासगी इंग्रजी शिकवण्यांचं, म्हणजे एइकाइवा शाळांचं, थोडं वेगळं आहे. तिथला परवाना वेगळ्या प्रकारचा असतो आणि भाषा शिकवण्यासाठी पदवी असली की कायद्याचं समाधान होतं. मात्र कित्येक कंपन्या जाहिरातीत तीच बारा वर्षांची अट स्वतःहून घालतात आणि काही तर मातृभाषाच इंग्रजी हवी म्हणतात. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. परकी भाषा म्हणून जो इंग्रजी शिकला, त्याला मूल कुठे अडखळतं ते आतून माहीत असतं. पण नियम बदलेपर्यंत अर्ज करणाऱ्याने जाहिरातीतली ही ओळ आधी वाचावी आणि मगच क्लासची फी भरावी.

तिसरा मार्ग सरकारी आहे. जपान सरकारने १९८७ साली जेट कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण गेले. आज पाच हजारांहून अधिक तरुण या कार्यक्रमात काम करतात आणि त्यातले बहुतेक सहायक भाषा शिक्षक असतात. करार एका वर्षाचा असतो आणि तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढतो. भारतातून जाणाऱ्यांची संख्या फार थोडी आहे, त्यामुळे त्याच एका आशेवर बसू नये.

मुलाखतीत काय होतं? प्रश्न असतातच, पण खरी परीक्षा असते नमुना पाठाची. सांगतात, ‘समोर तिसरीची मुलं आहेत असं समजा आणि पाच मिनिटं शिकवा.’ मुलाखत घेणारी मोठी माणसं मुलं होऊन बसतात, मुद्दाम चुकतात, गप्प राहतात. जपानच्या प्राथमिक शाळांत २०२० पासून तिसरी-चौथीला इंग्रजीची ओळख करून देतात आणि पाचवी-सहावीला तो रीतसर विषय आहे. म्हणजे तिसरीचं मूल इंग्रजी नुकतंच ऐकायला लागलेलं असतं. इथे आपल्याकडचे हुशार विद्यार्थी हमखास घसरतात. फळांची नावं शिकवायला सांगितली की ते आधी नाम म्हणजे काय ते समजावतात, तेही भरभर आणि लांब वाक्यांत.

चांगला पाठ असा दिसतो. शिक्षिका सफरचंदाचं चित्र वर धरते आणि काही बोलत नाही. मग एकच शब्द म्हणते, ‘ॲपल.’ पुन्हा म्हणते आणि हात कानाशी नेते. मुलं म्हणतात. केळ्याचं चित्र येतं. मग ती सफरचंद छातीशी धरून हसते, ‘आय लाइक ॲपल्स.’ केळ्याकडे बघून तोंड वाकडं करते, ‘आय डोन्ट लाइक बनानाज.’ कुठेही भाषांतर नाही, व्याकरण नाही. मग चित्रं टेबलावर पसरून ती शब्द म्हणते आणि मुलांनी झडप घालून ते चित्र उचलायचं. हा कारुता नावाचा खेळ जपानी मुलांना घरूनच माहीत असतो. पाच मिनिटांत तिच्या तोंडून वीस-पंचवीस शब्द गेले असतील. मुलांनी मात्र त्याहून जास्त वेळा तोंड उघडलेलं असतं. मुलाखत घेणारे नेमकं हेच पाहत असतात. परीक्षेला भारदस्त इंग्रजी चालते, या वर्गात तिचा अडथळाच होतो.

उच्चारांवर थोडी मेहनत घ्यावी लागते. मराठी माणसाचा ‘व’ इंग्रजीतल्या दोन वेगळ्या आवाजांना एकच करून टाकतो, त्यामुळे ‘वेस्ट’ म्हटल्यावर पश्चिम दिशा की बिनबाह्यांचं जाकीट ते ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरकही घाईत पुसला जातो. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकणं हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

आणखी एक प्रश्न बहुधा येतो: तुमच्या गावाची ओळख मुलांना कशी करून द्याल? कारण नव्या शाळेतला पहिला तास नेहमी स्वतःच्या ओळखीचा असतो. उमेदवार ताजमहाल आणि बॉलीवूड काढून बसतात. पाटणच्या माणसाला त्याची गरजच नाही. आपल्याकडची भातलावणी दाखवा. जपानच्या प्राथमिक शाळांत पाचवीच्या आसपास मुलं भातशेतीचा अभ्यास करतात, कित्येक शाळांत छोट्याशा वाफ्यात स्वतः रोपं लावतात. कोयना धरण दाखवा आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप सांगा. जपानी मूल भूकंपाचा सराव करत मोठं होतं. ‘माझ्या आजीने घर पडताना पाहिलं’ हे वाक्य त्याला लगेच पोहोचतं. धरणाच्या पाण्याशी भूकंपाचा संबंध जोडून जगभरच्या शास्त्रज्ञांनी कोयनेचा अभ्यास केला आहे, हे मुलाखत घेणाऱ्या मोठ्यांसाठी.

‘जपानच का?’ याला शिस्त, स्वच्छता आणि बुलेट ट्रेन हे उत्तर देऊ नका, ते त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. जपानी शिकायला सुरुवात केली असेल तर तेच सांगा. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, जेएलपीटी परीक्षेचं केंद्रही तिथे आहे. सर्वात खालची पातळी एन-५ उत्तीर्ण असली तरी तुम्ही मनावर घेतलंय हे दिसतं. मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक विद्यार्थी म्हणून जपानला गेले, २०१९ साली टोकियोच्या एदोगावा भागाच्या स्थानिक सभागृहावर निवडून आले आणि २०२३ साली इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांचा रस्ता इंग्रजीच्या नोकरीतून गेला नाही, जपानी भाषेने त्यांना तिथे उभं केलं.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात. आपल्याकडे या वेळी नम्रपणे ‘नाही’ म्हणायची सवय आहे. ती सोडा. नोव्हा ही तिथली तेव्हाची सगळ्यात मोठी इंग्रजी शिकवण्यांची साखळी २००७च्या ऑक्टोबरमध्ये बुडाली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले आणि कंपनीच्या घरांत राहणाऱ्यांच्या डोक्यावरचं छप्परही गेलं. म्हणून विचारा: आठवड्याचे तास किती? आरोग्य आणि निवृत्ती विमा कंपनी भरते का? काही करार आठवड्याला साडेएकोणतीस तासांचे केले जातात, तेव्हा विम्याची जबाबदारी कुणाची ते स्पष्ट करून घ्या. पहिला पगार कधी? तो हातात यायला महिना-दीड महिना लागू शकतो आणि घर घेताना अनामत व घरमालकाला द्यायची भेटरक्कम सुरुवातीलाच मोजावी लागते. तेवढे पैसे इथूनच बरोबर हवेत.

निवड झाल्यावर पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज जपानमधली संस्था करते. ते आल्यावर तुम्ही व्हिसासाठी अर्ज करता. ‘आधी पर्यटक म्हणून चला, तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ असं म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे खासगी कंपन्यांच्या मुलाखती आदल्या शरद ऋतूपासून रंगतात. आपल्याकडे निकाल उन्हाळ्यात लागतो, पण पदवीचं प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळतं आणि पात्रता प्रमाणपत्राला तेच लागतं. निकाल लागल्या आठवड्यातच विद्यापीठात तात्पुरत्या प्रमाणपत्राचा अर्ज टाका, आणि ते चालेल का, हे मुलाखतीतच विचारून घ्या.