रसदेचा कारभार

इ. स. १७६० च्या अखेरीस सदाशिवरावभाऊंची छावणी पानिपतास पडली होती. फौजेत शूरांची वाण नव्हती. तोफखानाही नामांकित होता. परंतु अब्दालीने दक्षिणेकडील वाट रोखली आणि अंतर्वेदीतून रसद पुरविण्याची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीतील धान्य व वैरण आटत चालली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य लढाईस उभे राहिले, ते उपासमारीने गांजलेले होते. त्या पराभवाची कारणे अनेक सांगितली जातात. त्यांत रसद तुटणे हे लहान कारण नव्हे.

फौजेस लागणारी वस्तू हवी तेथे, हवी तेव्हा पोचविण्याची ही विद्या आता व्यापारात शिरली आहे. तिला लॉजिस्टिक्स म्हणतात आणि तिचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यास लॉजिस्टिक्स मॅनेजर. नाव परके असले, तरी तेही मूळचे लष्करी परिभाषेतलेच आहे; काम तर सर्वस्वी रसदेचे.

या कामाचे स्वरूप ध्यानी यावयाचे, तर नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांचा प्रवास पाहावा. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, पुढे विरळणी व फवारण्या, असे वर्षभर राबल्यावर बागायतदाराच्या हाती घड येतात. जानेवारीपासून त्यांतील निवडक माल नेदरलँड्समधील रॉटरडॅमसारख्या दूरच्या बंदरांकडे जाऊ लागतो. वेलीवरून उतरलेल्या द्राक्षाचे दिवस मोजके असतात. ते कोठे व कसे खर्च करावयाचे, याचा हिशेब मॅनेजरकडे असतो. आणि तो चुकला, तर बुडते ते बागायतदाराचे सबंध वर्ष.

तोडणी सकाळच्या गारव्यात उरकतात. घड निवडून पेट्यांत भरतात आणि त्या पेट्या शीतगृहात ठेवून फळाचे तापमान काही तासांत शून्य अंशाच्या जवळ आणतात. येथे घाई केली, की पुढचे सारे बिघडते. कारण शीतकंटेनर गरम माल गार करण्यासाठी बनविलेला नसतो. गार माल गार राखणे, एवढेच त्याचे काम. ही साधी गोष्ट ज्याला उमगली नाही, त्याने या धंद्यात पडू नये हे बरे! बुरशी धरू नये म्हणून पेटीत सल्फर डायऑक्साइड हा वायू सावकाश सोडणारा कागद घालतात. मग चाळीस फुटी कंटेनरात बारा-तेरा टन माल चढतो आणि सह्याद्री उतरून उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराची वाट धरतो.

मालाबरोबर कागदांनाही प्रवास करावा लागतो. फवारलेल्या औषधांचा अंश मर्यादेत असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला, वनस्पती निरोगी असल्याचे प्रमाणपत्र, सीमाशुल्क खात्याची कागदपत्रे, असा तो संभार असतो. कोणती पेटी कोणत्या बागेतून आली, हे ग्रेपनेट नावाच्या नोंदपद्धतीमुळे शोधून काढता येते. एखाद्या कागदावर पेट्यांचा आकडा चुकला, तर कंटेनर बंदराच्या फाटकाशी अडतो. जहाज मात्र कोणासाठी खोळंबत नाही. ते हुकले, की पुढच्या फेरीपर्यंत कंटेनर विजेला जोडून ठेवावा लागतो. त्याचे भाडे चढत जाते आणि द्राक्षाचे दिवस सरत जातात.

जहाज सुटले म्हणजे मॅनेजर सुटला, असेही नाही. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे सुमारे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले. २९ मार्च रोजी ते मोकळे होईपर्यंत शेकडो जहाजे दोहों बाजूंस तिष्ठत राहिली. आणि ते दिवस नेमके द्राक्षांच्या हंगामाचे होते. पुढे २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. तेव्हा अनेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालणारा केप ऑफ गुड होपचा मार्ग पत्करला व प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. अशा प्रसंगी कोणता माल तितके दिवस टिकेल, कोणता जवळच्या आखाती देशांकडे वळवावा, ग्राहकास कोणती नवी तारीख कळवावी, हे एका दिवसात ठरवावे लागते. वाईट बातमी दडपून ठेवण्याची खोड येथे फार महाग पडते. उशीर आधी कळला, तर त्यावर काही उपाय निघतो. पेट्या उघडल्यावर कळला, तर उरते ते केवळ भांडण.

वेळ गाठण्याच्या भरात आणखी एक मोह होतो. रात्रभर गाडी हाकलेल्या चालकास डोळ्याला डोळा लागू न देता पुढे पिटाळले जाते. चालकास घाटातल्या वळणावर डुलकी लागली, तर काय घडेल, हे सांगावयास नको. म्हणून जाणता मॅनेजर वेळापत्रक आखतानाच चालकाची विश्रांती त्यात धरतो. ती उपकार म्हणून देत नाही.

या पदास नेणारी वाट एकच नाही. कोणी वाणिज्य शाखेचा पदवीधर असतो, कोणी अभियंता. बरेच जण पुढे पुरवठा-व्यवस्थापनाची पदविका वा पदव्युत्तर पदवी घेतात. वडोदरा येथील राष्ट्रीय रेल्वे व वाहतूक संस्थेचे २०२२ मध्ये गतिशक्ती विश्वविद्यालयात रूपांतर झाले. या विषयांचे शिक्षण तेथेही मिळते. शाळेतील भूगोल व व्यवहारी गणित येथे रोज उपयोगी पडते. भाषेचे म्हणाल, तर बागायतदाराशी मराठी, चालकाशी बहुधा हिंदी आणि परदेशच्या ग्राहकाशी इंग्रजी, अशा तिन्ही एकाच सकाळी बोलाव्या लागतात.

पदवी हाती असली, तरी आरंभ बहुधा गोदामातूनच होतो. आलेल्या पेट्या मोजाव्या, त्या चलनाशी ताडून पाहाव्या, गाडी फाटकाबाहेर किती वाजता पडली ते टिपावे, असे ते दिवस असतात. संगणकावर ‘रवाना’ म्हणून दिसणारा माल प्रत्यक्षात धक्क्यावर पडून असू शकतो, हे तेथे डोळ्यांनी दिसते. कंटेनरच्या आतील भिंतीवर वरच्या अंगास एक लाल रेषा आखलेली असते. तिच्यावर एकही पेटी रचावयाची नसते, कारण गार हवा फिरण्याची वाट तेथून असते. हमाल ती शेवटची पेटी वर सरकवू लागला, की त्याला थांबविणे, हे नव्या उमेदवाराचे पहिल्या हंगामातील काम.