एका आईचं पत्र आणि डॉक्टरांचं मौन

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव तुम्ही शाळेत ऐकलंच असेल. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानने चीनवर हल्ला केला होता आणि जखमींवर उपचार करायला डॉक्टर कमी पडत होते. काम करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, हेबेई प्रांतात त्यांचं निधन झालं. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपटही काढला.

पण त्याच युद्धातल्या दुसऱ्या एका डॉक्टरची गोष्ट तुम्हाला माहीत आहे का?

शेजारच्या प्रांतात

१९४२ च्या सुरुवातीला हेबेईला लागूनच असलेल्या शान्शी प्रांतात जपानी लष्कराच्या रुग्णालयात एक नवे डॉक्टर रुजू झाले. नाव केन युआसा, वय २५. लहान वयात डॉक्टर झालेले, हुशार, कामात चोख.

आल्यानंतर काही आठवड्यांतच त्यांना ‘शस्त्रक्रियेच्या सरावा’ला बोलावलं गेलं. खोलीत दोन चिनी माणसं होती. दोघंही धडधाकट. आघाडीवर शस्त्रक्रिया करू शकणारे डॉक्टर हवेत, म्हणून जिवंत माणसांवर हात बसवायचा होता. एक जण शांतपणे टेबलावर जाऊन झोपला. दुसरा, शेतकरी वाटणारा माणूस, मागे सरू लागला. युआसांनी त्याला पुढे ढकललं. भूल देणार आहोत, दुखणार नाही, असं नर्सने त्याला त्याच्याच भाषेत समजावलं. तो झोपला. दोघंही पुन्हा उठले नाहीत.

पुढच्या तीन वर्षांत अशा प्रकारे मारल्या गेलेल्या १४ जणांच्या वेळी युआसा हजर होते.

त्यांना झोप लागत होती

तुम्हाला वाटेल, हा माणूस रात्ररात्र तळमळला असेल. तसं झालं नाही. युआसांनीच पुढे सांगितलं, की त्यांना अपराधी वाटलंच नाही. वरून हुकूम आला होता, सगळेच करत होते, युद्ध चालू होतं. युद्ध संपल्यावरही ते चीनमध्येच राहिले आणि दवाखान्यात रुग्ण तपासत राहिले. आपण गुन्हेगार आहोत असं त्यांच्या मनातही नव्हतं.

१९५१ मध्ये त्यांना ताब्यात घेतलं गेलं. कबुलीजबाब लिहितानाही त्यांनी सुरुवातीला थोडंच लिहिलं. मग तुरुंगात त्यांच्या हातात एक पत्र पडलं. ज्यांच्यावर ‘सराव’ झाला, त्यांच्यापैकी एकाच्या आईचं. मुलाला धरून नेलं तेव्हा ती मागे धावली होती, त्याला शोधत फिरली होती. डॉक्टरला कडक शिक्षा व्हावी, अशी तिची मागणी होती.

तोवर युआसांना त्या माणसांचे चेहरेही नीट आठवत नव्हते. पत्र वाचलं आणि टेबलावरचा तो देह कुणाचातरी मुलगा झाला.

इतरांना आठवतच नव्हतं

१९५६ मध्ये सुटका होऊन युआसा जपानला परतले. जुने सहकारी आनंदाने भेटायला आले. पण युआसांना गुन्हेगार का ठरवलं, हेच त्यांना कळेना. आपण सगळ्यांनी तेच तर केलं होतं, मग तुम्हालाच का? युआसांना धक्का बसला. ही माणसं काही लपवत नव्हती. ती खरोखर विसरली होती.

त्यानंतर युआसा टोकियोत डॉक्टरकी करत राहिले आणि लोकांसमोर उभं राहून आपण काय केलं ते नाव-गावासकट सांगत राहिले. त्यावरून लोकांचा रागही ओढवून घेतला. २०१० मध्ये, ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांच्या बोलण्याने मेलेलं कुणी परत आलं नाही. पण जे घडलंच नाही असं म्हटलं जात होतं, ते घडलं होतं हे सांगणारा एक माणूस तरी मिळाला.

घरात बोलायची गोष्ट

अपराधी वाटलं म्हणून माणूस गप्प बसतो, असं आपण समजतो. युआसांच्या बाबतीत उलट होतं. मौन आधी होतं. समोर त्या आईचे शब्द आले, तेव्हा कुठे अपराध जाणवला.

‘वरून सांगितलं म्हणून केलं’ हे वाक्य आपल्यालाही नवीन नाही. आम्ही राहतो त्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसांत काय किंवा तुमच्या गावातल्या कचेरीत काय, ते रोज बोललं जातं. बहुतेक वेळा त्यात कुणाचं मोठं नुकसान होत नाही. पण सवय मात्र लागते.

म्हणून मुलांना कोटणीसांची गोष्ट सांगाल तेव्हा युआसांचीही सांगा. वयाला झेपेल तेवढीच सांगा, पण सांगा. दोघंही तरुण होते, दोघांनीही रुग्ण बरे करायचं शिक्षण घेतलं होतं. एकाने समोर माणूस पाहिला. दुसऱ्याला तो दिसायला एका आईचं पत्र लागलं.