पॅच, पाळी आणि स्किझोफ्रेनिया

‘पाळी जवळ आली की हिचं डोकं जास्तच फिरतं’ हे वाक्य मराठवाड्यातल्या मानसोपचार ओपीडीत कुणाला नवीन नाही. सासूबाई सांगतात, आई सांगते, कधी बाई स्वतःच सांगते. वैद्यकशास्त्राने मात्र या बोलण्याची चाचणी घ्यायला विसावं शतक संपत आणलं.

सुरुवात आकड्यांपासून झाली. जर्मनीतल्या मानहाइम इथे मानसोपचारतज्ज्ञ हाइंत्स हेफनर यांनी 1980 च्या दशकात पहिल्यांदाच स्किझोफ्रेनियाने आजारी पडलेल्यांच्या नोंदी तपासल्या. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा तीन-चार वर्षं उशिरा गाठत होता आणि पंचेचाळिशीच्या पुढे, पाळी जाण्याच्या वयात, त्यांच्यात नव्या रुग्णांचा दुसरा चढ दिसत होता. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन मेंदूला थोडाफार आडोसा देत असावं, हा तर्क तिथून बळावला.

तो औषधापर्यंत नेला मेलबर्नच्या डॉ. जयश्री कुलकर्णी यांनी. 1996 ला छोटा अभ्यास, 2001 ला 36 बायकांची चाचणी, 2008 ला 102 जणींची. 2001 आणि 2008 च्या चाचण्यांत नेहमीचं औषध चालूच ठेवायचं आणि जोडीला ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर इस्ट्रोजेनचा पातळ पॅच चिकटवायचा. आठवड्यातून दोनदा तो बदलायचा. औषध कातडीतून थेट रक्तात उतरतं, गोळीसारखं आधी यकृतातून जात नाही. 28 दिवसांत पॅचवाल्या बायकांचे भास आणि संशय डमी पॅचवाल्यांपेक्षा जास्त उतरले. 2015 च्या चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या 183 जणी होत्या. तिथे 200 मायक्रोग्रॅमचा डोस सरस ठरला.

मधल्या काळात, 2002 मध्ये, अमेरिकेतली हार्मोनची मोठी चाचणी स्तनाच्या कर्करोगाच्या आणि हृदयविकाराच्या धोक्यामुळे अर्ध्यावर थांबवली गेली होती. त्या बायका उतारवयाकडे झुकलेल्या होत्या आणि औषध गोळीतून घेत होत्या, पण धास्ती सगळ्याच हार्मोन उपचारांना चिकटली. ती निराधारही नव्हती. नुसतं इस्ट्रोजेन बराच काळ दिलं तर गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, मग जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं.

म्हणून हे धोके टाळू शकेल असा पर्याय म्हणून हाडं ठिसूळ होण्यावरचं जुनं औषध, रॅलॉक्सिफेन, पुढे आलं. 2016 मध्ये मेलबर्नला 56 जणींमध्ये ते लागू पडलं. पुढच्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ मार्क वायझर यांनी रोमानिया आणि मोल्दोव्हात 200 जणींवर तेच करून पाहिलं, तर डमी गोळीवाल्याच जास्त सुधारल्या! उत्साहाला असा चाप बसला ते बरंच झालं. याच वायझर यांनी 2019 मध्ये मोल्दोव्हात 200 जणींवर इस्ट्रोजेनचा पॅच तपासला आणि तो सरस निघाला, पण फायदा मुख्यतः 38 वर्षांपुढच्या बायकांना. एकाच माणसाने एक औषध पाडलं आणि दुसरं उचलून धरलं, त्यामुळे मला त्याचा शब्द जास्त भरवशाचा वाटतो.

आपल्या भागात या सगळ्याला एक वेगळीच किनार आहे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं, तर तिशी-पस्तिशीतल्या बाईचं इस्ट्रोजेन काही दिवसांतच तळाला जातं. त्याने स्किझोफ्रेनिया होतो असं कुणी म्हणू नये. पण ज्या बाईला तो आधीच आहे, तिच्या बाबतीत ही माहिती किरकोळ नाही. बीड-जालन्याहून घाटी रुग्णालयात येणाऱ्या बाईच्या केसपेपरवर ती हवीच.

दुसरी गोष्ट स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्यांची. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं, पाळी लांबते किंवा थांबते. घरच्यांना वाटतं दिवस गेले. बाई लाजेने बोलत नाही. खरं तर तिचं इस्ट्रोजेनही उतरलेलं असतं, आणि कधी कधी नुसती गोळी बदलून काम होतं.

पॅच अजून नेहमीच्या उपचारांत आलेला नाही. चाचण्या काही आठवड्यांच्याच आहेत, वर्षानुवर्षं दिल्यावर काय होतं ते ठरायचं आहे. तेव्हा मेडिकलमधून हार्मोनची गोळी किंवा जेल आणून मनाने सुरू करू नका आणि चालू गोळी बंद करू नका. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना एक कागद मात्र न्या: पाळीच्या तारखा, त्रास वाढलेले दिवस, पिशवी कधी काढली, अंडाशय ठेवलं की काढलं, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठीचा त्रास होता का. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर तेही सोबत घ्या.