पाण्यावरची पोहोच

बोरगावहून निपाणीला येऊन महामार्गाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले, तर कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या ट्रकच्या उघड्या चॅसिस एकामागून एक जाताना दिसतात. ना टप, ना दार, ना काच, आणि पुढे फळीच्या बैठकीवर तोंडाला टॉवेल गुंडाळून बसलेला, ऊन, धूळ आणि पाऊस अंगावर झेलणारा चालक. मुक्कामी पोहोचून गाडी ताब्यात देणे आणि पोहोचपावती घेणे, एवढेच त्याचे काम. ज्या गाडीने उद्या इतरांचा माल वाहावयाचा, ती आज स्वतःच माल झालेली असते. शिडाच्या बोटीचीही अशीच गत असते, आणि दूधगंगेच्या काठी, समुद्रापासून घाटाच्या अलीकडे राहणाऱ्या माझ्यासारख्या कोरड्या माणसाला तो विषय या चॅसिसवाल्यांमुळेच उमगला, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

बोट एका देशात बांधावयाची वा विकत घ्यावयाची आणि दुसऱ्या देशात ती हवाली करावयाची असेल, तर ती मोठ्या जहाजाच्या पाठीवर चढवून रवाना करण्याची सोय आज आहे. परंतु तो खर्च मोठा, यास्तव दोन, तीन किंवा चार खलाशी तिच्यात बसवून तिला तिच्याच शिडांवर नेण्याची पद्धत अजून चालू आहे. अशा प्रवासाचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या मुंबईतून निघालेले आहे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कुलाब्याच्या गोदीत बत्तीस फुटी सागवानी बोट बांधून घेतली. वासे आणि तुळया हातातल्या तासणीने ताशीत आपल्या सुतारांनी ती उभी केली. तिचे नाव सुहेली. अरब खलाशी आखातातल्या आग्नेय वाऱ्याला हे नाव देतात. आणि अरबांचा सुहेल हा तारा म्हणजे आपला अगस्त्य, ज्याने सारा समुद्र एका आचमनात प्राशन केला असे आपण लहानपणी ऐकले.

१९६५ च्या डिसेंबरात सुहेली मुंबईहून निघाली. बोटीवर तिघे होते: स्वतः नॉक्स-जॉन्स्टन, त्यांचे बंधू आणि एक सहकारी. डिसेंबर हा महिना लहरीने निवडलेला नव्हता. त्या ऋतूत वारा ईशान्येकडून आफ्रिकेच्या दिशेने वाहतो, आणि अरबांची व कच्छी नाखव्यांची गलबते शतकानुशतके याच वाऱ्यावर तिकडे जाऊन नैर्ऋत्य वाऱ्यावर परत येत असत. अरबस्तानचा किनारा आणि पूर्व आफ्रिकेची बंदरे करीत ही मंडळी १९६६ मध्ये डर्बनला पोहोचली, आणि तेथे गाठीचे पैसे संपल्याने नोकऱ्या धरून काही महिने अडकून पडली. (शिडाच्या बोटीला वारा फुकट मिळतो या समजुतीवर ज्यांचा विश्वास आहे, त्यांनी डर्बनची ही हकीकत अवश्य ध्यानात ठेवावी.) पुढे केप टाऊनहून लंडनपर्यंतची अखेरची मजल मात्र त्यांनी कोठेही न थांबता चौऱ्याहत्तर दिवसांत मारली.

हा मार्ग नकाशावर सरळ रेषेसारखा दिसतो, पण शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालू शकत नाही. केपहून निघालेल्या बोटीला आग्नेयेचा व्यापारी वारा विषुववृत्तापर्यंत सुखाने आणून सोडतो. मग वाराच नसलेला, अवचित पावसाच्या सरी ओतणारा निर्वात पट्टा येतो, जेथे शिडे डोलकाठीवर नुसती फडफडत स्वतःलाच झिजवितात. त्यापुढे ईशान्येचा वारा तोंडावर येतो, म्हणून बोटीला पश्चिमेकडे लांब वळसा घेत वर चढावे लागते, आणि पुरेसे उत्तरेस गेल्यावर पश्चिमेचा वारा मिळाला म्हणजे कोठे युरोपचा रोख धरता येतो. सुहेलीसारख्या जड बोटीने दिवसाला शंभर सागरी मैल काटले तर ती बरी मजल म्हणावयाची. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे ताशी सरासरी आठ किलोमीटरही पडत नाहीत, आणि आमच्या गावचा दूधवाला सायकलवरून तिला सहज मागे टाकील. फरक इतकाच, की दूधवाला रात्री घरी जातो. बोट थांबत नाही.

हे न थांबणे हाच या प्रवासाचा खरा भार. तिघे असतील तर तीन तास सुकाणूवर आणि सहा तास मोकळे, अशा पाळ्या अहोरात्र चालतात. परंतु मोकळ्या सहा तासांतच स्वयंपाक, शिडांचे शिवणकाम आणि झोप बसवावयाची, आणि वारा बदलला की झोपलेल्याला उठवावयाचे. वादळापेक्षाही जुना, चिवट शत्रू म्हणजे घासणे. दोर जेथे कप्पीतून किंवा काठावरून जातो, तेथे तो दर लाटेगणिक केसभर सरकतो, आणि अशा लाखो लाटांनंतर एका मध्यरात्री तुटतो. म्हणून जाणता खलाशी दररोज सकाळी सबंध बोटीवरून हात फिरवितो, दोर थोडा पुढेमागे घेतो, जेणेकरून झीज एकाच जागी साचू नये. पाणी मोजून द्यावे लागते, आणि अंगावर मिठाचे फोड येतात. मला वाटते, या कामाला शौर्याहून गृहिणीची काटकसर अधिक उपयोगी पडत असावी.

आता या विषयाशी आमच्या जिल्ह्याचा संबंध. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते, गोव्यात शिरून मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. तिच्या पाण्यासाठी तीन राज्ये लवादापुढे भांडली आणि २०१८ साली निवाडा झाला, तरी वाद मिटला नाही. पण त्याच मांडवीच्या प्रवाहातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत एक छप्पन फुटी बोट बांधली गेली आणि तिचे नाव म्हादई ठेवण्यात आले. २००९ साली ती नौदलाच्या ताब्यात आली. तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या उपक्रमामागे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची प्रेरणा होती, आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी सुहेलीच्याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून धडे घेतले. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडून ते फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनले आणि केप टाऊन अशा चार मुक्कामांनंतर १९ मे २०१० रोजी परतले. अशी प्रदक्षिणा एकट्याने करणारे ते पहिले भारतीय.

त्याच गोदीतल्या तारिणी या बोटीवर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात जगाला वळसा घालून आल्या: २१,६०० सागरी मैल. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडल्याने त्यांना मॉरिशसला, ठरलेल्या बेतात नसलेल्या पोर्ट लुईस बंदरात, थांबावे लागले. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या अवधीत लेफ्टनंट कमांडर दिल्ना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तीच बोट पुन्हा फिरवून आणली. दोघीच म्हटल्यावर पाळीचा हिशेब आपोआप उमजतो: एक झोपली असता दुसरी सर्वस्वी एकटी.

हवाली करावयाची बोट परदेशी बंदरात शिरताना पिवळे निशाण चढविते. त्याचा अर्थ, बोट निरोगी आहे, दाखला मिळावा. तो मिळेपर्यंत कोणाला किनाऱ्यावर पाऊल टाकता येत नाही. मग जकात, पारपत्र, दप्तर, सही, शिक्का, आणि अखेर बोट नव्या मालकाच्या स्वाधीन. त्या रात्री खलाशी पक्क्या जमिनीवरच्या पलंगावर झोपतो, पाळी कोणाचीच नसते, तरीही अंगात मुरलेल्या सवयीने तीन तासांनी त्याला जाग येते आणि अंधारात तो दोर चाचपू लागतो.